रघुनाथराव कर्वे आणि वेळेचे गणित

महाराष्ट्रातील समाजसुधारकांची नामावळी सांगताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे, रघुनाथ धोंडो कर्वे यांचे, नाव घेताना मात्र आजही आवाज थोडा खाली येतो. पित्याने विधवेला पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा करून दिला, स्त्रीला शिक्षण दिले. समाजाने आधी बहिष्कार घातला आणि १९५८ मध्ये त्याच व्यक्तीला ‘भारतरत्न’ मिळालेले पाहिले. पुत्राने स्त्रीला तिच्या स्वतःच्या देहाचे ज्ञान देऊ केले; त्याच्या वाट्याला खटले, दंड, दारिद्र्य आणि उपेक्षा आली. पित्याचे कार्य समाजाने पचविले. पुत्राचे कार्य शासनाने उचलले, पण त्यातला गाभा टाकून. हा गाभा कोणता होता आणि तो टाकल्यामुळे धाराशिवसारख्या जिल्ह्यातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आज काय किंमत द्यावी लागते, याचा विचार करण्यासाठी रघुनाथरावांचे चरित्र पुन्हा एकदा नजरेखालून घालणे अगत्याचे आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे महर्षींचा पहिला विवाह कुमारवयातच झालेला होता. रघुनाथरावांच्या मातोश्री राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. त्या वेळी ते अवघे नऊ वर्षांचे होते. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात प्रचंड वादळ उठले. मुलीच्या शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणे एवढीच त्या कायद्याची मजल होती. आदल्या वर्षी बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची वधू पतीच्या संगाने दगावली होती. तरीही परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, अशी गर्जना विद्वानांनी केली. मुलीचे शरीर मातृत्वाला केव्हा तयार होते हा प्रश्न वैद्यकाचा. त्याचा निकाल मात्र धर्मशास्त्र आणि राजकारण यांच्या आखाड्यात लागत होता. ज्या पिढीचे बालपण या वादाच्या धुरळ्यात गेले, त्या पिढीत रघुनाथराव वाढले.

१८९३ मध्ये महर्षींनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. लोकमताच्या विरोधात उभे राहण्याची किंमत काय असते, हे त्या मुलाने घरातच पाहिले. बुद्धी तल्लख होती. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवी घेऊन पुढे ते वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक झाले. पहिले महायुद्ध संपल्यावर उच्च गणिताच्या अभ्यासासाठी ते फ्रान्सला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळविले आणि युरोपात चाललेल्या लैंगिक शास्त्राच्या व संततिनियमनाच्या चर्चेशी त्यांचा निकटचा परिचय झाला. गणिताची शिस्त अशी की, आधारवाक्य तपासल्याखेरीज निष्कर्ष स्वीकारायचा नाही. तीच शिस्त त्यांनी समाजाच्या सर्वांत झाकलेल्या प्रश्नाला लावली. त्यांचा सारा पुढचा आयुष्यक्रम या एका गोष्टीतून निघालेला आहे.

मुंबईतील केंद्र

१९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिन येथे काढलेले केंद्र पोलिसांनी अवघ्या काही दिवसांत बंद पाडले होते. म्हणजे मुंबईतील एक मराठी प्राध्यापक या बाबतीत जगाच्या मागे नव्हता. तो जगाच्या बरोबरीने चालत होता. फरक इतकाच की, स्टोप्सबाईंच्या आणि सँगरबाईंच्या मागे लहान का होईना, एक चळवळ होती. रघुनाथरावांच्या मागे त्यांच्या पत्नी मालतीबाई आणि मोजके स्नेही यांच्याखेरीज कोणी नव्हते.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्याखेरीज या धाडसाचे मोल कळणार नाही. सरकारी नोंदींप्रमाणे जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत असत. बाळंतपणात माता दगावणे ही दैवाची गोष्ट समजली जाई. वर्षाआड पाळणा हलत असे आणि पहिलटकरीण स्वतःच पुरती वाढलेली नसे. अशा समाजात रघुनाथरावांनी १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक लिहिले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. उपदेश करून ते थांबले नाहीत; साधन कोणते, ते कसे वापरावे आणि ते कुठे फसते, हेही त्यांनी सांगितले. त्यामुळेच समाज बिथरला. तत्त्वज्ञान सहन करणारे लोक कृतीची माहिती सहन करू शकले नाहीत.

रघुनाथराव त्या वेळी विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. हे कार्य सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच त्यांच्यापुढे आला आणि १९२५ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. पुढचा संसार मुख्यतः मालतीबाईंच्या कमाईवर चालला. पतीच्या नावाने समाज बोटे मोडीत असताना त्या बाईंनी घर सांभाळले, केंद्राच्या कामात हात दिला, आणि अपत्य न होऊ देण्याच्या उभयतांच्या निर्णयाबद्दल येणारी बोलणीही ऐकून घेतली. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. रघुनाथरावांच्या चरित्रात मालतीबाईंना जेवढी जागा मिळते, तेवढी त्यांच्या वाट्याच्या कष्टांना पुरणारी नाही.

‘समाजस्वास्थ्य’ आणि दोन खटले

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले आणि संपादकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत ते चालू राहिले. लेखन, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, हिशेब ही सारी कामे बहुतांशी एका माणसाने केली. वर्गणीदार थोडे, जाहिराती त्याहून थोड्या. या मासिकाचा खरा प्राण म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरे. ज्या शंका मुलगा बापाला विचारीत नाही, मुलगी आईला विचारीत नाही आणि पतिपत्नी एकमेकांनाही विचारीत नाहीत, त्या शंका महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून टपालाने येत. रघुनाथराव त्यांना सरळ, कोरड्या भाषेत, चवी न लावता आणि नीतीचे प्रवचन न झोडता उत्तर देत.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील ठरत नाही, आणि ज्याला प्रश्न पडला आहे त्याला उत्तर नाकारल्याने त्याचे अज्ञान तेवढे टिकते, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासंबंधी ठराव आला. पक्षाचे सदस्य रोहम यांनी तो मांडला. सभागृहाने तो फेटाळला. गरीब स्त्रीच्या वारंवारच्या बाळंतपणाचा आणि तिच्या दारिद्र्याचा संबंध त्या दिवशी सभागृहापुढे स्पष्ट शब्दांत आला होता. तो पाहण्याची तयारी बहुसंख्य सदस्यांची नव्हती.

विरोध केवळ सनातन्यांचा होता असे मानणे चुकीचे ठरेल. महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम हाच एक मार्ग त्यांना मान्य होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या. दीर्घ चर्चा होऊनही मतभेद मिटले नाहीत. महिन्यातील ठराविक दिवस टाळण्याची पद्धत मात्र महात्माजींना इतर साधनांइतकी अप्रिय वाटली नाही, कारण तीत निदान काही दिवसांचा संयम होता. ही पद्धत आजही अनेक तरुण जोडप्यांना सर्वांत सोपी आणि निर्धोक वाटते. म्हणून तिच्यासंबंधी जरा तपशिलाने लिहिणे आवश्यक आहे.

दिवसांचे गणित

स्त्री महिन्यातील कोणत्या दिवसांत गर्भ धारण करू शकते, याविषयी मानवजातीचे अज्ञान फार काळ टिकले. आमच्या शास्त्रकारांनी पाळीपासून सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगितला. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय डॉक्टर जनावरांच्या माजावरून अनुमान काढून असे समजत की, पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेला सर्वांत अनुकूल आणि मधले दिवस सुरक्षित. हे अनुमान नेमके उलटे होते. त्यावर विसंबलेल्या स्त्रियांना बरोबर धोक्याच्या दिवसांत सुरक्षितता सांगितली गेली. १९२४ मध्ये जपानचे डॉक्टर ओगिनो यांनी आणि त्यानंतर काही वर्षांनी ऑस्ट्रियाचे डॉक्टर क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. रघुनाथरावांचे पुस्तक १९२३ चे. म्हणजे त्यांनी काम आरंभिले तेव्हा दिवसांचे खरे गणित जगात कोणालाच ठाऊक नव्हते. टोपी, रबरी पिशवी यांसारखी अडथळ्याची साधने लोकांपर्यंत पोहोचविणे हाच त्या वेळी शास्त्राला धरून असलेला मार्ग होता.

आज हे गणित असे मांडता येते. सुटलेले स्त्रीबीज फार तर चोवीस तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून बीज सुटण्यापूर्वीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, असे सुमारे सहा दिवस गर्भधारणेचे होत. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीत बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते. पस्तीस दिवसांच्या अंतराने येणारीत एकविसाव्या दिवसाच्या आसपास. सूत्र सोपे आहे, पण त्यात एक पेच आहे. बीज पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटते आणि पुढची पाळी केव्हा येणार हे आधी कळत नाही. ज्या स्त्रीची पाळी घड्याळासारखी नियमित आहे तिला अंदाज बांधता येतो. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे मुलीचे चक्र बहुधा अनियमित असते. आजारपण, कुपोषण, परीक्षेचा ताण यांनीही ते मागेपुढे होते. याचा अर्थ असा की, ज्या वयात ही पद्धत सर्वांत मोहक वाटते त्याच वयात ती सर्वांत बेभरवशाची असते. केवळ दिवस मोजून आणि तेही ढिलाईने भागविणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वीसहून अधिक स्त्रियांना वर्षभरात दिवस जाऊ शकतात. उलट तांबीचे अपयश वर्षाला शंभरात एकापेक्षाही कमी आहे. निरोधचे अपयश नेहमीच्या वापरात शंभरात तेराच्या आसपास असले, तरी गुप्तरोगांपासून संरक्षण देणारे तेच एक साधन आहे.

काही समजुती तर निव्वळ घातक आहेत. पहिल्या संबंधात दिवस जात नाहीत, हे खोटे आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी धोका नाही, हेही खोटे आहे. कारण बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते. अंगावर पाजणाऱ्या मातेला दिवस जात नाहीत, हे अर्धसत्य आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, त्याला केवळ आईचे दूध मिळत असावे आणि पाळी पुन्हा सुरू झालेली नसावी, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेवढ्यापुरतेच ते खरे. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यावयाची असते. ती राहिलेला गर्भ पाडीत नाही आणि नेहमीचे साधन म्हणूनही ती योग्य नाही. अशा साध्या गोष्टी टपालाने विचारणाऱ्या वाचकांना रघुनाथराव उत्तरे देत होते. त्या आज कोणी विचारीत नाही, असे कोणत्याही शिक्षकाने छातीवर हात ठेवून सांगावे.

धाराशिवची पहिलटकरीण

रघुनाथरावांच्या हयातीत धाराशिव बहुतांश काळ निजामाच्या राज्यात होते. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे शारदा कायदा, ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मुलीच्या विवाहाचे वय त्याने चौदा ठरविले, पण हैदराबाद संस्थानाला तो लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९७८ मध्ये मुलीच्या विवाहाचे वय अठरा झाले आणि २००६ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला. कागदावरचा प्रवास लांबचा आहे. जमिनीवरचा तेवढा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. मराठवाड्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, हे येथे राहणाऱ्यांना पाहणीवाचूनही ठाऊक आहे.

याची कारणे केवळ रूढीत शोधणाऱ्याला अर्धेच उत्तर सापडेल. कळंब, भूम, वाशी या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा हिशेब कोयत्यावर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला मिळत नाही, म्हणून त्याचे लग्न उरकावे लागते. आईबाप सहा महिने फडावर जाणार, तर वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचेही लग्न उरकावे लागते. गावात आठवीनंतर शाळा नसेल आणि एस. टी. वेळेवर येत नसेल, तर घाई आणखी वाढते. अशी मुलगी सोळाव्या वर्षी फडावर पोहोचते आणि सतराव्या वर्षी पहिलटकरीण होते. मोळ्या उचलीत असताना तिला दिवस राहतात आणि तपासणीसाठी दवाखाना जवळ नसतो.

वैद्यकशास्त्राचे याबाबतचे म्हणणे निःसंदिग्ध आहे. किशोरवयीन मातेला गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका अधिक, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका अधिक, आणि तिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे व अपुऱ्या वजनाचे होण्याचा संभव अधिक. ओटीपोटाची वाढ पुरी झालेली नसेल तर प्रसूती अडते. अंगात रक्त कमी असेल, आणि ते बहुधा कमी असतेच, तर साधा रक्तस्रावही जिवावर बेततो. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसेल तर हाच धोका दुणावतो. म्हणून एका प्रसूतीनंतर पुढील गर्भ राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

गणिताला दुसरी बाजूही आहे आणि ती शहरातील सुशिक्षित तरुणांनी ऐकावी अशी आहे. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता लक्षणीय प्रमाणात घटते आणि गर्भपाताचे प्रमाण वाढते. गुणसूत्रांतील दोषाने होणारा डाऊन विकार पंचविशीतील मातेच्या बाबतीत साडेबाराशे बाळांत एकाला, पस्तिशीत साडेतीनशेत एकाला आणि चाळिशीत शंभरात एकाला आढळतो. नोकरी, स्पर्धा परीक्षा, घराचे हप्ते यांच्या मागे धावताना हे कोणी सांगत नाही. मग वंध्यत्वाच्या दवाखान्यातील खर्च पुढे उभा राहतो. लवकरचे मातृत्व आणि उशिराचे मातृत्व या दोन्ही अडचणींच्या मुळाशी एकच उणीव आहे. ज्या वेळी माहिती हवी त्या वेळी ती मिळालेली नसते.

शासनाने काय घेतले, काय टाकले

रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षीच भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. ज्या कामासाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली आणि ज्या उत्तरांपायी त्याला दंड झाला, ते आता राज्याचे धोरण झाले. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी ते काम पुढे अनेक वर्षे निष्ठेने चालविले. १९९१ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाला. १९६८ मध्ये निरोध गावोगाव पोहोचू लागला. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा आला. हे सारे स्वागतार्ह होते.

तथापि, कार्यक्रमाचे लक्ष हळूहळू स्त्रीवरून आकड्यावर गेले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा होऊ शकले नाही. पुरुषांवरील त्या सक्तीची प्रतिक्रिया म्हणून पुढे सारा भार स्त्रियांवर पडला. उपरोक्त पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर भिस्त असलेल्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर हे आपल्या कुटुंबजीवनावरचे भाष्य आहे.

आमच्या भागातील कित्येक स्त्रियांचा आयुष्यक्रम असा असतो : सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले मूल, विसाव्या वर्षी दुसरे, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन. लग्न आणि ऑपरेशन या दोन टोकांमध्ये पाळणा लांबविण्याचे साधन तिच्या हाती बहुधा येतच नाही. माला-डीच्या गोळ्या, तांबी, ‘अंतरा’चे इंजेक्शन, ‘छाया’ची गोळी ही साधने शासकीय आरोग्यसेवेत आहेत, आशा कार्यकर्तीही दारात येते. पण पहिले मूल होईपर्यंत सुनेशी हा विषय काढायचा नाही, असा सासूचा, समाजाचा आणि पुष्कळदा सेविकेचाही संकेत असतो. कोवळ्या वयातील कायमच्या शस्त्रक्रियेचा एक दारुण अनुभव या जिल्ह्याने घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. ज्यांची शस्त्रक्रिया झालेली होती अशा अनेक मातांची मुले ढिगाऱ्याखाली गेली आणि गर्भनलिका पुन्हा जोडून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. अशा शस्त्रक्रियेला यश येतेच असे नाही. म्हणून तात्पुरत्या साधनांची माहिती ही चैन नव्हे. ज्या आयुष्याची शाश्वती नाही त्या आयुष्याची ती गरज आहे.

रघुनाथरावांची भूमिका या आकडेशाहीहून अगदी वेगळी होती. लोकसंख्या हा त्यांच्या विचारातील एक मुद्दा होता. मुळाशी होती ती स्त्रीची इच्छा. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ठरविण्याचा हक्क जिला ते पोटात वाढवायचे आहे तिचा, आणि देहसुखाचा हक्कही पुरुषाइतकाच तिचा, असे ते मानीत. त्या पिढीतील संततिनियमनाच्या साहित्यावर सुप्रजननवादाची छाया होती आणि त्यांचे लेखनही तिच्यापासून सर्वस्वी अलिप्त नव्हते. त्यांच्या लेखणीची धार कधीकधी अनावश्यक बोचरी होई. मित्र दुरावत आणि विरोधकांना आयते कोलीत मिळे. हे दोष सांगितलेच पाहिजेत. पण त्यांनी कधी कोणावर साधन लादले नाही. त्यांनी ज्ञान दिले आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपविला. शासनाने त्यांच्यापासून साधन घेतले. ज्ञान आणि निर्णयाचे स्वातंत्र्य मात्र बाजूला ठेवले.

आज काय करता येईल

२००७ मध्ये किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यावर काहूर उठले आणि तो थांबविण्यात आला. १९३४ मधील खटल्यात जे आक्षेप होते जवळजवळ तेच आक्षेप त्र्याहत्तर वर्षांनंतर पुन्हा घेतले गेले. माहिती दिल्याने मुले बिघडतात, हा तो आक्षेप. माहिती न दिल्याने ती बिघडत नाहीत, असे मात्र दिसत नाही. अज्ञानामुळे मुलगा सुटतो आणि मुलगी अडकते, एवढाच फरक पडतो.

कायद्याने पुष्कळ वाट मोकळी केली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ पाडण्याची मुभा अविवाहित स्त्रीलाही आहे. सज्ञान स्त्रीला त्यासाठी पतीची किंवा पालकांची संमती लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकाची संमती आणि पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. तथापि, तशा प्रसंगी तिची ओळख उघड करू नये असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दाखवून दिला. ही माहिती नसल्यामुळे औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या गुपचूप घेण्याचे आणि रक्तस्रावाने अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येण्याचे प्रकार घडतात. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रे आहेत. ती कोठे आहेत हे जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न प्रत्येक प्राचार्याने आपल्या वर्गात विचारून पाहावा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. नववी-दहावीच्या वर्गात शरीरशास्त्राचा जो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो, तो शिक्षकाने वर्गात शिकवावा. मुलांना आणि मुलींना दोघांनाही. महाविद्यालयात वर्षातून दोनदा जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवावे आणि प्रश्न नावाशिवाय चिठ्ठीवर घ्यावेत. ‘समाजस्वास्थ्य’ची प्रश्नोत्तरे याच रीतीने चालत होती. नव्या जोडप्याची ऊसतोडीची टोळी गाव सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने सहा महिन्यांची साधने आणि त्यांची माहिती तिच्याबरोबर द्यावी. ग्रामसेवकाने आणि मुख्याध्यापकाने मुलीचे वय कागदावर वाढवून देऊ नये; किंबहुना शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीची चौकशी करावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. लागते ते संकोच बाजूला ठेवण्याचे थोडे धैर्य.

रघुनाथरावांना ते धैर्य फार महाग पडले. नोकरी गेली, खटले झाले, घर ओढाताणीत चालले आणि मृत्यूनंतरही दीर्घकाळ त्यांचे नाव कुजबुजतच घेतले गेले. शिक्षकाने आज तेच धैर्य दाखविले तर त्याची नोकरी जाणार नाही. फार तर एखादा पालक भांडायला येईल. त्याला शांतपणे बसवून घ्यावे आणि त्याच्या मुलीच्या वयाच्या पहिलटकरणीला बाळंतपणात कोणते धोके असतात ते सांगावे. बहुतेक पालक ऐकून घेतील, कारण मुलगी त्यांनाही प्रिय असते.